भावाच्या पाटीखाली

८ जानेवारी १९५५, शनिवार. शाळा सकाळची होती. शाळा सुटल्यावर मुलगे पळाले, मुलींना मी थांबवून घेतलं आणि आम्ही वर्गाची जमीन सारवायला घेतली. शेण मुलींनी आणलं होतं, पाणी मी माझ्या घरून आणलं होतं. आमच्या खारेपाटात शेण कुणीही देतं, गोडं पाणी कुणी देत नाही. अर्धी जमीन झाली असेल तेवढ्यात हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. ओल्या जमिनीवर पाय पडू नये म्हणून उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "बाई, अलिबागहून पत्रक आलंय. चौथीच्या मुलांची स्कॉलरशिपची परीक्षा आहे. मार्चमध्ये. आपण काही पाठवायला नको कुणाला, नाही का?"

"पाठवायचं," मी म्हटलं.

"कुणाला?"

कोपऱ्यात एक मुलगी भिंतीकडेने सारवत मागे सरकत येत होती. मी शेणाच्या हातानेच तिच्याकडे बोट केलं. "हिला."

हेडमास्तर हसले. "हिला? अहो, हिच्यापेक्षा हिच्या भावाला जास्त मार्क असतात. तुमच्याच वर्गात आहेत ना दोघं?"

"हो. तिला नेहमी थोडेसेच कमी असतात," मी म्हटलं. "म्हणूनच म्हणते."

त्यांना काही कळलं नाही. मुलीला कळलं. ती सारवता सारवता थांबली आणि मग पुन्हा हात चालवू लागली.

मी मूळची अलिबागची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ट्रेनिंग केलं आणि लोकल बोर्डाच्या शाळांत लागले. ही तिसरी शाळा. गाव खाडीकाठचं, आगरी लोकांचं. पावसाळ्यात भात आणि दिवाळीनंतर मिठागर. शाळा चौथीपर्यंत. पाचवीला पोयनाडला चालत जायचं. मुलगे जायचे, मुली जात नसत. मुलगी चौथी झाली की त्याच उन्हाळ्यात मिठाच्या टोपल्या वाहायला लागायची. स्वातंत्र्य मिळून सातआठ वर्षं झाली होती, पण चौथी पास झालेल्या मुलीला त्यामुळे काही फरक पडला होता असं मला दिसलं नाही.

मी ज्या मुलीकडे बोट केलं तिची परिस्थिती हीच होती. परीक्षेत पास झाली तर ती अलिबागच्या हायस्कुलात जाणार होती. फी माफ होती, वर थोडी मदत मिळायची, आणि राहायला माझ्या भावजयीने घर कबूल केलं होतं. पास झाली नाही तर मिठागर. मधलं काही नव्हतं.

आता त्या थोड्याशा कमी मार्कांविषयी सांगते.

आमच्या शाळेत गणिताची एक रीत होती. फळ्यावर गणितं घालायची, ज्याचं झालं त्याने उठून पाटी माझ्यासमोर पालथी ठेवायची. त्याच्यानंतर ज्याचं होईल त्याने आपली पाटी तिच्यावर पालथी. सगळ्या पाट्या आल्या की मी ती चळत उलटी करायची, म्हणजे पहिला आलेला वर येतो. कुणाचं आधी झालं, कुणाचं नंतर, हे पाहायला सोपं. पुष्कळ शाळांत हेच चालायचं.

या मुलीची पाटी नेहमी भावाच्या पाटीखाली निघायची. अगदी लगेच खाली. भाऊ तिच्याहून दीड वर्षांनी मोठा, तिसरीत एकदा राहिलेला, म्हणून दोघं एका वर्गात. तो लवकर उठला तर ती लवकर उठायची, तो रेंगाळला तर ती रेंगाळायची. आणि त्याची दोन गणितं चुकलेली असली तर तिची तीन. त्याचं एकही चुकलं नसलं, असं क्वचित व्हायचं, तर तिचं एक. पहिलं दीड वर्ष मी तिकडे लक्ष दिलं नाही. भावंडं आहेत, सारखीच असायची, असं धरून चालले होते.

दिवाळीनंतर भावाला हिवताप आला. त्या आठवड्यात एके दिवशी मण-शेराची गणितं घातली. पाट्या आल्या. चळत झाली. एक पाटी कमी. पाहते तर ही पाटी छातीशी धरून बसलेली.

"झालं नाही?"

"झाला."

"मग ठेव की."

ती उठली, चळतीपाशी आली, पुन्हा मागे गेली. मुलं हसायला लागली. "बाय, ती भावसाची वाट बघते," एक जण म्हणाला आणि सगळा वर्ग खिदळला. घंटा झाली तरी तिने पाटी ठेवली नाही. शेवटी मी उठून तिच्या हातातून ती काढून घेतली. आकडे अर्धे पुसलेले होते, कारण ते तिच्या पोलक्यावर उमटले होते. पण उत्तरं वाचता येत होती. सगळी बरोबर होती. शेवटचं गणित मी वर्गासाठी घातलंच नव्हतं, फळ्याच्या कोपऱ्यात पुढच्या धड्यासाठी लिहून ठेवलं होतं. तेही तिने सोडवलं होतं.

मुलं गेल्यावर मी तिला विचारलं, "मुद्दाम चुकवतेस?"

ती पोलक्यावर उमटलेले आकडे झटकायला लागली.

"मी रागावणार नाही. मला नुसतं माहीत हवं."

"बरोबर आला की दादाला मारतान," ती म्हणाली.

"कोण?"

"बापूस. बोलतान, भयनीचे हातच्या बांगड्या भर."

"आणि आई?"

"आयस बोलते, त्याचे मागं ऱ्हा."

तिने हे एखादा पत्ता सांगावा तसं सांगितलं. रडली वगैरे नाही. मीही काही समजूत घातली नाही. मी तिला आणखी गणितं घातली, तिने ती सोडवली, आणि मग ती घरी गेली, कारण गुरं सोडायची होती.

तेव्हापासून मी तिच्याकडे पाहत होते, आणि तिच्यामुळे बाकीच्यांकडेही. आणि मला असं दिसलं की ही एकटी नव्हती, हिचं फक्त उघडकीला आलं होतं. एक मुलगा चांगला वाचायचा. मोठ्याने वाचायला उभा केला की मुलं मागून "भटजी, भटजी" करायची, आणि तो अडखळायला लागायचा. आधी नाटक होतं, वर्षाने खरंच अडखळायला लागला. एकीचं अक्षर मोत्यासारखं होतं. तिला तिच्या मैत्रिणींनी सांगितलं, जास्त शहाणपणा नको करू. तिने अक्षर बिघडवलं. आमच्याकडे मूल मागे पडलं तर लोकांना चालतं, पुढे गेलं तर घरापासून शाळेपर्यंत सगळ्यांची अडचण होते. मागच्याला ओढायला कुणी जात नाही. पुढच्याला मात्र सगळे मिळून धरतात.

त्या शनिवारी सारवण झाल्यावर हेडमास्तरांना मी मुलीचा प्रकार सांगितला तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. मारायचे नाहीत, शाळेचं रॉकेल घरी नेत नसत, रजा घेत नसत. त्यांचा अभिमान एवढाच होता की आपल्या शाळेत कुणी नापास होत नाही.

"नापास होत नाही, पण पहिलं तरी कोण येतं?" मी विचारलं.

"पहिलं येऊन काय करायचंय, बाई? साहेब तपासणीला येतात तेव्हा काय बघतात? सगळी मुलं बोलतात का, हे बघतात. आपली सगळी बोलतात."

हे खरं होतं. आमची सगळी मुलं बोलायची, कारण सगळी एकदम बोलायची. पाढे एका सुरात, कविता एका सुरात, प्रश्नाचं उत्तरसुद्धा एका सुरात, आणि त्या सुरात कोण नुसतेच ओठ हलवतंय हे कुणाला कळायचं नाही. निबंध हेडमास्तर फळ्यावर लिहून द्यायचे. 'माझे गाव' या निबंधात गावाच्या पायथ्याशी झुळझुळ वाहणारी नदी होती आणि हिरव्यागार टेकड्या होत्या. आमच्या गावाला पायथाच नव्हता. सगळं सपाट, पुढे चिखल, चिखलात कांदळाची झाडं, पलीकडे खाडी. एकदा या मुलीने शेवटी आपल्या मनाने एक वाक्य घातलं होतं, की आमच्या गावात उन्हाळ्यात पाणी नसतं आणि बायका होडीतून हंडे आणतात. हेडमास्तरांनी त्यावर काट मारली. मला म्हणाले, "असं लिहू नये. गावाची बेअब्रू होते."

पंधरा ऑगस्टचं भाषणही त्यांनीच लिहिलेलं. दर वर्षी नवा मुलगा, भाषण तेच. 'आपल्या देशाला नुकतेच स्वातंत्र्य मिळाले आहे.' मी एकदा म्हटलं, "मास्तर, आता ते नुकतेच काढून टाका. आठ वर्षं झाली."

"मुलांचं पाठ झालंय हो," ते म्हणाले. "काढलं की मुलं तिथे अडतात."

त्याच भाषणात पुढे 'देशाला बुद्धिमान नागरिकांची गरज आहे' असंही होतं. ते वाक्य दर वर्षी सगळ्यांत खणखणीत यायचं.

परीक्षेचं मात्र त्यांनी शेवटी मान्य केलं. एका अटीवर. "मुलीला पाठवा, पण मुलग्यालाही पाठवा. मार्क त्याचे जास्त आहेत. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

हीच अट मला त्या मुलीच्या घरी दुसऱ्यांदा ऐकावी लागली. मी संध्याकाळी गेले. बाप मिठागरावरून आलेला, पाय मिठाने फाटलेले, त्याला खोबरेल लावत ओटीवर बसला होता. आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. भाऊ आणि ती दोघं दाराआड.

"बाय, पोरी शिकून कराच्या काय?" बाप म्हणाला. वाद घालायला नाही, खरोखर माहिती विचारावी तसं.

"मास्तरीण होईल. मी झाले तशी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळाकडे पाहिलं, घरी वाट बघायला कुणी नसलेल्या बाईकडे पाहावं तसं. मग तो पुन्हा पायाला खोबरेल चोळू लागला. आईच बोलली, आतून. "तुमचे सारखी एकटी ऱ्हायला का?"

मी म्हटलं, "पगार मिळतो मला. कुणाकडे मागत नाही."

"ते बरा हाय," आई म्हणाली, आणि भाकरी उलटली.

"पोऱ्या जाल त पोरगी जाल," बापाने निकाल दिला. "एकलीला न्हाय धाडाची. आन तो काय कमी हाय का? त्याचे मार्क वर हान."

दाराआडून मुलगा म्हणाला, "बाबा, तिला माझेपेक्षा जास्त येते."

हे त्याने स्वतः म्हटलं. बापाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दाराआड आणखी मागे सरकला. आईने मुलीला हाक मारून पाण्याला पाठवलं. पाणी भरलेलंच होतं.

जानेवारी, फेब्रुवारी मी दोघांना संध्याकाळी माझ्या पडवीत बसवलं. पाठीला पाठ लावून. एकाची पाटी दुसऱ्याला दिसायची नाही. पहिले काही दिवस ती मान वळवून बघायची, मी काठीने जमिनीवर ठोकायची. मग तिने बघणं सोडलं. सोडल्यावर ती अशी सुटली की मला रात्री बसून दुसऱ्या दिवसाची गणितं तयार करावी लागली, कारण माझ्याजवळची संपली. ती गणितं करताना बोलायची. एकदा म्हणाली, "बाय, ह्या मानसाना एवढे आंबे घेतलेच कनाला? कुजून जातील." तिने उत्तर काढलंच होतं, पण गणितातला माणूस मूर्ख आहे असं तिचं मत पडलं होतं. मला त्या दोन महिन्यांत तिची खात्री वाटायला लागली. मी खात्री बाळगणारी बाई नाही.

भाऊही वाईट नव्हता. मेहनत करायचा. पण त्याला प्रत्येक गोष्ट एकदा सांगून चालत नसे. ती त्याला सांगायला लागली की तो म्हणायचा, "थांब ग, मना करू दे," आणि ती लगेच थांबायची.

एकदा मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तिला जास्त मार्क पडले तर तुला मारतील का रे?"

"मारतील," तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "लागत न्हाय जास्त."

मी हे तिला सांगितलं. तिने मान हलवली.

परीक्षेच्या दिवशी आम्ही अंधारात निघालो. पोयनाडपर्यंत चालत, तिथून एस.टी. दोघंही पहिल्यांदाच एस.टी.त बसत होती. भाऊ खिडकीपाशी बसला. तिला ओकारी आली, पण तिने ती दाबली. आईने दोघांना नवे कपडे घातले होते. त्याला शर्ट-चड्डी, तिला कुणाचंतरी लहान करून घेतलेलं परकर-पोलकं. निघताना आई तिच्या कानाशी काहीतरी बोलली होती. मी विचारलं नाही. आया परीक्षेला जाणाऱ्या मुलांना काय सांगतात ते सगळ्यांना माहीत असतं, असं मला वाटलं.

अलिबागच्या शाळेच्या पटांगणात तालुक्यातली मुलं जमली होती. शिपायाने नंबर पुकारले. मुलगे एका खोलीत, मुली दुसऱ्या खोलीत. मधे व्हरांडा. मला हे आधी माहीत नव्हतं, पण माहीत असतं तरी मी त्यात काही वावगं मानलं नसतं. उलट मला वाटलं, बरं झालं. आता तिच्यासमोर फक्त पेपर आहे.

तिने खोलीच्या दारातून मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, त्याच्या खोलीकडे.

मी बाहेर नारळाच्या सावलीत बसले. दुसऱ्या गावचे एक मास्तर शेजारी येऊन बसले. त्यांनी एकाच मुलाला आणलं होतं, सरपंचाच्या. म्हणाले, "येत काही नाही हो त्याला, पण नाही आणलं तर मला गावात राहता येणार नाही." आम्ही पानं खाल्ली. त्यांनी विचारलं, "तुमचे दोन?" मी म्हटलं, "एक." मग दुरुस्त केलं, "दोन."

पेपर सुटला. भाऊ धावत आला आणि सांगायला लागला. हे केलं, ते केलं, शेवटचं राहिलं. ती हळूहळू आली.

"कसा होता?"

"सोपा होता," ती म्हणाली.

मला बरं वाटलं. आम्ही किनाऱ्यावर गेलो, शिदोरी सोडली. ओहोटी होती, किल्ल्यापर्यंत माणसं चालत जात होती. तिने भाऊ जेवत असताना त्याला विचारलं, "किती सोडवलास?"

"एक सोडून सगले."

"बरोबर हान?"

"हान वाटतान."

तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मी ते भावाविषयीच्या मायेचं धरलं, आणि ते तसंच होतं म्हणा.

निकाल मे महिन्यात लागला. मी आगोटीसाठी, पावसाळ्याच्या साठवणीसाठी, भाताला कडुलिंबाचा पाला घालत होते. हेडमास्तर कुंपणाशी आले. हातात कागद होता. त्यांनी तो मला दिला नाही, नुसतं सांगितलं. "दोघंही नाही, बाई."

"तिला किती?"

"भाऊ थोडक्यात गेला. जरा जोर मारला असता तर लागला असता." मग कागद बघत म्हणाले, "तिचं काही खरं नाही. सगळ्यांत खाली आहे. तुम्ही उगाच..." त्यांनी कागदाची घडी घातली. त्यांना आनंद झाला नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्यांना फक्त आपलं बरोबर होतं असं वाटलं, आणि जगाची घडी नीट आहे असं वाटलं.

मी हात धुतले आणि मिठागराकडे गेले. ऊन टळटळीत होतं. मिठाचे ढीग पांढरे, डोळ्यांना बघवत नव्हते. बायका टोपल्या घेऊन बांधावरून एकामागे एक येत होत्या. ती त्यांच्यात होती. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर टोपली. मला बघून ती रांगेतून बाहेर आली नाही. ढिगाशी टोपली ओतली आणि मग आली.

"निकाल लागला," मी म्हटलं.

"म्हायती हाय. दादा बोलला."

"पेपर सोपा होता म्हणालीस."

"सोपाच होता."

"मग?"

ती पायाने मीठ उकरायला लागली. मी थांबले. मला घाई नव्हती, आता कशाचीच नव्हती.

"पयले दोन केले," ती म्हणाली. "मग थांबले."

"का थांबलीस?"

"तो दुसरे खोलीत होता ना, बाय. त्याचे किती झाले ते दिसत न्हवता." तिला वाटलं मला अजून कळलं नाही, म्हणून तिने नीट समजावून सांगितलं, गणित समजवावं तसं. "त्याचे कमी झाले असते आन माझे जास्त, तर? मंग दोनच केले. दोनापेक्षा कमी त्याचे न्हाय होनार."

"आईने सांगितलं होतं?"

"ती नेमीच सांगते."

"पण तो बोलला ना, लागत नाही म्हणून."

"त्याला लागते," ती म्हणाली. "तो बोलतो तसा."

ढिगावरून कुणीतरी बाई ओरडली, "अग ए मास्तरनी, टोपली कोन वाहील तुझी?" सगळ्या हसल्या. तीही हसली. टोपली उचलून रांगेत गेली, आणि रांगेत तिची जागा कुणी धरून ठेवली नव्हती तरी ती बरोबर दोघींच्या मधे शिरली.

मी त्यानंतर बारा-तेरा वर्षं शिकवलं, अजून शिकवते आहे. शाळांना आता पक्क्या भिंती झाल्या, जिल्हा परिषद आली, पाव-निमकीचे पाढे गेले, नवे पैसे आले. सभांत मी ऐकते की आपल्या मुलांत गुणवत्ता का दिसत नाही, यावर समित्या नेमल्या पाहिजेत. शिक्षक पालकांना बोल लावतात, पालक शिक्षकांना. मला दोन्ही पटतं, आणि त्याचा उपयोग दिसत नाही. ज्या मुलीला पेपर सोपा जातो आणि दोन गणितं करून जी पेन्सिल खाली ठेवते, तिला काय शिकवायचं? तिला सगळं येतच होतं. घराने सांगितलं ते आणि शाळेने सांगितलं तेही ती शिकली होती, आणि तिला कुणीही नापास करू शकलं नसतं, कारण आम्ही जे मागत होतो ते तिने अचूक केलं होतं. हेडमास्तर माणसं मोजायचे तेव्हा रांगेत मधे चालणारीच मोजायचे, पुढे गेलेलं त्यांच्या हिशेबात नसायचं. बापही तसाच मोजायचा. असं मोजणारी माणसं मला पुढच्या प्रत्येक गावात भेटली, अलिबागच्या कचेरीतसुद्धा. त्यांतली बरीच शिकलेली होती, भली होती. ती बदलतील असं मला वाटत नाही. वाटत असतं तर मी तसं लिहिलं असतं.

त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळा उघडली, कारण मुलांच्या बापांना दाखले हवे होते आणि हेडमास्तरांनी ते काम मला सांगितलं होतं. त्या बहीणभावांचा बाप पहिलाच आला. पोयनाडला पाचवीत नाव घालायचं म्हणाला. मी दोन दाखले लिहिले, एक मुलाचा, एक मुलीचा, आणि दोन्ही त्याच्यासमोर ठेवले. त्याला वाचता येत नव्हतं. "यातला पोऱ्याचा कोंचा?" त्याने विचारलं. मी दाखवला. त्याने तो घडी करून टोपीत ठेवला, दुसरा माझ्याकडे सरकवला, "हा ऱ्हाऊ दे," म्हणाला, आणि राम राम करून गेला. दुसऱ्यावर सही करायची राहिली होती. ती मी केली, शिक्का मारला, शाई सुकल्यावर कागद कपाटात ठेवला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.